सही केली नाही, एवढं पुरे का?

पत्र

नमस्कार. आम्ही नागपूरच्या धरमपेठेत एका फ्लॅट स्कीममध्ये राहतो. एकत्र कुटुंब आहे. सासऱ्यांनी पस्तीसेक वर्षांपूर्वी वर्धा रोडला शेती घेऊन ठेवली होती. पुढे मिहान हा सरकारचा मोठा उद्योग प्रकल्प आला, मेट्रो आली आणि एकराच्या भावानं घेतलेली जमीन चौरस फुटाच्या भावानं गेली. आज दोन दुकानं आहेत, चार फ्लॅटचं भाडं येतं, थोडे शेअर्स आहेत. कशाची ददात नाही.

स्कीमच्या मागे नाल्याच्या बाजूनं जुनी झोपडपट्टी आहे. तिथं मालकी पट्ट्यांसाठी, म्हणजे घराच्या जागेच्या हक्काच्या कागदांसाठी, मोजणी होणार असं कळल्यापासून आमच्याकडे एक निवेदन फिरतंय. पट्टे देऊ नयेत, वस्ती हलवावी, त्या जागी उद्यान आणि पार्किंग करावं, असं त्यात लिहिलंय. माझ्या भासऱ्यांची, म्हणजे मोठ्या दिरांची, एका मोठ्या नेत्याशी ओळख आहे. ते रविवारी चार जणांना घेऊन बंगल्यावर जाणार आहेत. निवडणुकीला आमच्या घरून दोन्हीकडे पैसे जातात, तेही रोखीनं, त्यामुळे भेट लगेच मिळते.

मी सही केली नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीत राहतात. यावरून घरात बोलाचाली झाली. भासरे म्हणाले, “आपण टॅक्स भरतो, रामनवमीला लोकांना जेवू घालतो, मावशीच्या मुलीची फी भरतो. आणखी काय करायचं आपण?” मला उत्तर देता आलं नाही. अकरावीतला मुलगा हे सगळं ऐकत होता. रात्री त्यानं विचारलं, “आई, आपला पैसा आपल्या कष्टाचा आहे का?” त्यालाही काही सांगू शकले नाही.

सही केली नाही, एवढं पुरे का? आणि आमच्यासारख्या घरांचं राजकारणात काही कर्तव्य असतं का, की देणगी दिली की झालं?

— एक सून, धरमपेठ

उत्तर

ताई,

सही केली नाहीत, बरं केलंत. पण तेवढं पुरे नाही. रविवारी भासरे बंगल्यावर जातील तेव्हा तुमचं अख्खं घर त्यांच्यासोबत आत जाणार आहे. कागदावर तुमची सही आहे की नाही, हे तिथं कुणी बघणार नाही. आडनाव ओळखीचं आहे, दर निवडणुकीला घरून पैसे येतात, तेवढ्यावर खुर्ची मिळते आणि ऐकून घेतलं जातं. तुम्ही गप्प राहिलात तर तुमचंही वजन त्याच पारड्यात पडतं.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. पैसा असलेल्या माणसाचं म्हणणं इतरांच्या आधी ऐकलं जातं. मावशींच्या वस्तीतल्या बायांना ज्या साहेबाच्या दारात दोन दोन दिवस उभं राहावं लागतं, तो साहेब तुमच्या भासऱ्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. ही जी जागा पैशानं मिळते, तिचा जाब पैसेवाल्यानं द्यायचा असतो. तिथं बसून त्यानं काय मागितलं? कुणाच्या वाटचं मागितलं? आणि जे मागितलं ते चारचौघांत मागता आलं असतं का? श्रीमंताची राजकीय जबाबदारी म्हणतात ती मी इथून मोजते. अन्नदान, फी, वह्यावाटप हे चांगलंच आहे, ते करत राहा, पण त्यानं या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आधी मुलाचं बघू. त्याचा प्रश्न सरळ आहे, त्याला सरळ उत्तर द्या.

सासऱ्यांनी पैसे जमवून जमीन घेतली, धीर धरून ती राखली, यात त्यांची हुशारी होती आणि जोखीमही होती. कुणाला लुबाडलं नाही. पण एकराचा चौरस फूट झाला तो त्यांच्या नांगरानं झाला नाही. विमानतळाच्या बाजूला सरकारनं मिहान आणलं, त्यासाठी आजूबाजूच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, वर्धा रोडवरून खापरीपर्यंत मेट्रो गेली, मग मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. हा सगळा सार्वजनिक पैसा. जामठ्याला, खापरीला, बेसा-पिपळ्याला ज्यांच्याकडे त्या वेळी जमीन होती त्यांचं भाग्य उजळलं. ज्यांची संपादनात गेली त्यांना सरकारी भाव मिळाला आणि त्यांच्यातले कितीतरी जण मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांनी त्या रस्त्यावर गिट्टी टाकली. एकाच रस्त्यानं हे तिन्ही केलं, एवढं मुलाला सांगा. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे कळतं, आणि ऐकून तो आजोबांचा मान कमी करणार नाही.

त्याच्याशी बोलताना कराचंही सांगा, कारण भासऱ्यांचं पहिलं वाक्य तेच आहे: आपण टॅक्स भरतो. भरता, हे खरंच. पण कोण किती भरतो हे एकदा कागद पेन्सिल घेऊन बघा. पगारदार माणसाला वरच्या टप्प्यात ३० टक्के आयकर लागतो आणि तो पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. शेअर वर्षभराहून जास्त ठेवून विकले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के लागतात. शहराच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतरापलीकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. तुमची जमीन कुठल्या बाजूला होती हे तुमच्या सीएला माहीत असेल. साबणाच्या वडीवर मात्र मावशी आणि तुम्ही एकाच दरानं जीएसटी भरता.

संपत्तीवर म्हणाल तर आपल्या देशात आता काही नाही. वारशावरचा कर, ज्याला मृत्यूकर म्हणत, तो १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. संपत्ती कर १९५७ चा, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. काढायची कारणं अगदीच खोटी नव्हती. मृत्यूकराचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढवून ठेवला होता, त्यामुळे लोक भरण्यापेक्षा लपवत जास्त. संपत्ती कराचे अख्ख्या देशातून २०१३-१४ साली जेमतेम हजार कोटी जमले होते. म्हणजे कायदे दुबळे होते. ते धड करता आले असते. काढून टाकणं सोपं होतं, आणि काढून टाका म्हणणाऱ्यांचा आवाज दिल्लीत नीट पोचत होता. आज तुमच्या मुलाच्या नावावर दुकानं, फ्लॅट, शेअर्स सगळं होईल तेव्हा वारसा म्हणून त्याला एक रुपया कर लागणार नाही. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेत थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये जो हिशेब मांडला, त्यानुसार २०२२-२३ साली देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४० टक्के संपत्ती होती आणि एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा त्यांच्याकडे जात होता. उत्पन्नातला एवढा वाटा इंग्रजांच्या काळातसुद्धा नव्हता, असं त्यांनी लिहिलंय.

आता एक छोटी रक्कम घ्या, कारण तिच्यात मला या राज्याचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात कमजोर असं दोन्ही दिसतं. व्यवसाय कर. वर्षाला २५०० रुपये. तुमच्या दुकानातल्या नोकरांच्या पगारातून तुम्ही तो दरमहा दोनशेप्रमाणे कापता आणि फेब्रुवारीत तीनशे. बहुतेकांना वाटतं हा असाच कुठलातरी कर आहे. त्याची जन्मकथा वेगळी आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माणसं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला गेली, आणि त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते, योजना त्यांच्या डोक्यातली. मागेल त्याला काम द्यायचं म्हटल्यावर पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला. उत्तर असं निघालं की शहरात ज्यांना पगार आहे, धंदा आहे, त्यांनी खेड्यातल्या बिनकामाच्या माणसासाठी दर महिन्याला थोडं द्यायचं. १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा त्यासाठी झाला आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ साली. नागपूरच्या सीताबर्डीतल्या कारकुनाच्या खिशातून निघालेला पैसा यवतमाळच्या बांधावरच्या मजुराच्या हातात हक्क म्हणून पडायचा. मजुराला कुणाचे पाय धरावे लागत नव्हते. कारकुनाला तो मजूर कोण हे ठाऊकही नव्हतं. मला यात मोठी माणुसकी दिसते, आणि ती कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली नव्हती.

कमजोर भाग पुढे आहे. या कराची वरची मर्यादा संविधानातच घातलेली आहे. १९८८ साली ती वर्षाला २५० वरून २५०० झाली आणि अजून तिथंच आहे. त्यामुळे हिंगण्याच्या कारखान्यात महिना पंधरा हजारांवर राबणारा माणूस वर्षाला २५०० भरतो आणि तुमचे भासरेही २५०० भरतात. त्या पंधरा हजारवाल्यासाठी ती एका महिन्याची किराण्याची उधारी आहे. भासऱ्यांच्या घरात तेवढ्या रकमेचा हिशेबही कुणी ठेवत नसेल. इतक्या वर्षांत ही मर्यादा वाढवा म्हणून पैसेवाल्यांचं एखादं शिष्टमंडळ कुणाच्या बंगल्यावर गेल्याचं मी ऐकलेलं नाही. शिष्टमंडळं जातात ती दुसऱ्या कामासाठी. मी पगारातून हे दोनशे कापून घेत नोकरी केली आणि त्याचा मला कधी राग आला नाही. राग येतो तो याचा, की ज्यांना सहज जास्त देता आलं असतं त्यांना कुणी मागितलंच नाही, आणि त्यांनीही आपणहून विषय काढला नाही.

“आणखी काय करायचं आपण?” या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हे आहे. आपल्यावर लागू होईल असा कायदा मागायचा. एम्प्रेस मिलचं उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात ती सुरू केली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. त्या काळात हे करणारा मालक विरळा, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण कामगार भरपाईचा कायदा झाला १९२३ साली. मधली अठ्ठावीस वर्षं बाकीच्या गिरण्यांतल्या कामगाराचा हात यंत्रात गेला तर पुढे काय, हे त्याच्या मालकाच्या मनावर होतं. एका चांगल्या मालकानं स्वतःच्या आवारात जे केलं, ते कायद्यानं सगळ्यांच्या आवारात नेलं. मावशीच्या मुलीची फी तुम्ही भरता आणि शेजारच्या घरातल्या पोरीची कुणी भरत नाही, त्या पोरीचं काय? महापालिकेच्या मराठी शाळा या शहरात एकामागून एक बंद पडल्या. तिथं पोरं कमी झाली हे खरं, पण ज्यांचा शब्द चालतो अशा घरांनी आपली पोरं तिथून आधीच काढून घेतली होती, त्यामुळे शाळा बंद होताना भांडायला वजनदार कुणी उरलंच नव्हतं. ‘मेडिकल’च्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, व्हरांड्यात चटई टाकून झोपलेल्या नातेवाइकांचंही तेच. तिथल्या खाटा वाढाव्यात म्हणून तुमच्या स्कीमचं निवेदन कधी गेलंय का, आठवून बघा.

दुसरं उत्तर जरा जड जाईल. आपल्याच लोकांत वाईटपणा घ्यायचा. आपल्या भागात यासाठी जमनालाल बजाजांकडे बघावं लागतं. सेवाग्रामला, वर्ध्याला त्यांनी पैसा आणि जमीन दिली हे शाळेत शिकवतात. मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. १९२८ साली त्यांनी आपल्या घराण्याचं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. त्याला रुपये लागत नव्हते. लागत होती ती स्वतःच्या जातीतली, व्यापारी मंडळींतली, नात्यागोत्यातली पत, आणि ती त्यांनी पणाला लावली. देणगी दिली की लोक हार घालतात. असं काही केलं की पंगतीत शेजारी बसायला कचरतात.

गांधीजी म्हणत, श्रीमंतानं संपत्तीचा विश्वस्त व्हावं. बाबासाहेबांना हे पटत नव्हतं. श्रीमंताच्या मनावर सोडण्याऐवजी मुख्य उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, असं त्यांनी १९४७ च्या निवेदनात मांडलं होतं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता घेऊन आपण प्रजासत्ताकात पाऊल टाकतोय, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे ती सोसतात तेच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. माझा कल बाबासाहेबांकडे आहे, हे लपवत नाही. मात्र तुमच्या रविवारच्या प्रश्नावर वर्धा आणि दीक्षाभूमी दोन्हीकडून एकच उत्तर मिळतं. ज्याच्याकडे आहे त्यानं आपली ताकद ज्याच्याकडे नाही त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढायला वापरायची नाही.

भासऱ्यांच्या बाजूचंही ऐकून घेते. नाल्याकाठी राहणं धोक्याचं आहे, ही त्यांची एक गोष्ट खरी असू शकते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि तुमच्याच भागात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं, आणि खाली नदीकाठच्या वस्त्यांमध्येही शिरलं. पण त्यानंतर जे झालं ते लक्षात घ्या. पूर आलेल्या भागातल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. सांडव्यासमोरचं बांधकाम, धरणाची मजबुती, नदीच्या भिंती, सगळे प्रश्न तिथं उघडपणे निघाले, महापालिका आणि सरकारला शपथपत्रावर उत्तरं द्यावी लागली, दर तारखेची बातमी पेपरात आली. याचिका करायला वेळ, वकील, पैसा लागतो. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी वापरला, आणि सांडवा मोकळा झाला तर त्याचा फायदा खालच्या झोपडीलाही मिळतो. वजन वापरायची ही रीत मला मान्य आहे. रविवारची रीत वेगळी आहे. तिथं ज्यांच्या घराचा निकाल लागणार ते खोलीत नसतील, त्यांना पत्ताही नसेल, आणि काय बोलणं झालं याचा कागद कुठंच राहणार नाही.

वस्तीतल्या लोकांना जायला दार तरी कुठं होतं? २०१७ ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. तुमच्या स्कीमला त्यानं फरक पडला नाही, तुम्ही थेट वर बोलता. मावशींना मात्र नळाचं पाणी आलं नाही, गटर तुंबलं, तर ज्याला हाक मारता येईल असा एकच माणूस होता, तो नगरसेवक, आणि तोच नव्हता. निवडणूक लांबली की कुणाचं अडतं आणि कुणाचं अडत नाही, हे या शहरानं चांगलंच पाहिलं.

आता रोखीचं. हे थांबवा. यावर मी मऊ बोलणार नाही. दोन्हीकडे पैसे देणं म्हणजे कुठल्याच विचाराला पाठिंबा देणं नव्हे, तो दाराचा दर आहे. कुणीही येवो, आपलं दार उघडं राहावं यासाठी दिलेला. निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी द्यायची सोय, रद्द करताना १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हेच बोट ठेवलं: देणगीदाराला धोरण ठरवणाऱ्यांजवळ जागा मिळते, म्हणून कुणी कुणाला किती दिलं हे मतदाराला कळायला हवं. ते रोखे बँकेतून तरी घ्यावे लागत. तुमच्या घरच्या पाकिटाची तर कुठंच नोंद नाही. तुम्हाला एखादा पक्ष मनापासून पटत असेल तर त्याला जरूर द्या, चेकनं किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या. आयकराच्या जुन्या पद्धतीत त्याची वजावटही मिळते. पक्षानं एका माणसाकडून दोन हजारांवर रोख घेतली तर त्याची करसवलत जाऊ शकते आणि वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. आपलं नाव त्या यादीत आलेलं चालणार नसेल, तर ती देणगी का देतोय हे घरानं एकत्र बसून स्वतःला विचारावं.

तसंच, घरचे कागदही एकदा बघा. दुकानं-फ्लॅटचा घरटॅक्स भाड्यानं दिलेले म्हणून लागतोय की स्वतः राहतो म्हणून? जमीन विकली तेव्हा रजिस्ट्रीत पूर्ण किंमत लिहिली होती, की काही भाग कच्च्यात गेला? या शहरात हे किती सर्रास चालतं ते आपण दोघीही जाणतो, म्हणून विचारते. पैसा कच्च्यात गेला की बहुधा मुद्रांक शुल्क बुडतं, आयकर बुडतो. वस्तीला ‘अतिक्रमण’ म्हणण्याआधी आपल्या घरानं सार्वजनिक पैशावर केलेलं अतिक्रमण मोजायला हवं. हे भासऱ्यांना तोंडावर म्हणू नका, भांडण होईल आणि मुद्दा राहील बाजूला. नवऱ्याशी बोला, आणि पुढचा व्यवहार तरी पूर्ण पक्का करायचा असं दोघं ठरवा.

रविवारच्या आधी भासऱ्यांशी बोलायचंय ते असं बोला. निवेदन चुकीचं आहे म्हणून सुरुवात करू नका. म्हणा, “भाऊजी, बंगल्यावर जायच्या आधी एक बैठक स्कीमच्या हॉलमध्येच घेऊ. वस्तीतल्या चार जणांना बोलावू. जे नेत्यांना सांगणार आहोत ते वस्तीतल्या लोकांसमोर सांगू.” या एका मागणीनं कागद आपोआप बदलेल. समोर माणूस बसलेला असताना “ही वस्ती हलवा” हे वाक्य उच्चारायला फार कमी लोक तयार होतात. त्या बैठकीत दोन प्रश्न वेगळे करा. नाल्याच्या पूररेषेत जी घरं आहेत त्यांची मोजणी होऊ द्या, ती हलवावी लागली तर जवळच, कामाच्या ठिकाणांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जागा द्या, अशी मागणी दोघांनी मिळून करा. शहराच्या पार टोकाला नेऊन टाकलं तर मावशींसारख्या बायांची सकाळची चार घरं सुटतात, आणि पोळ्या लाटून जे मिळतं त्यातलं निम्मं ऑटोला जातं. पूररेषेबाहेरच्या घरांचा पट्ट्याचा हक्क मात्र अडवू नका. पट्टा म्हणजे त्या बाईच्या हातातला पहिला कागद, ज्यावर बँक कर्ज देते आणि ज्याच्यामुळं बुलडोझरच्या आधी नोटीस यावी लागते. तुमच्या सासऱ्यांकडे सातबारा होता म्हणूनच त्यांना भाव चढेपर्यंत थांबता आलं, हे विसरू नका.

उद्यान हवंय ना? नासुप्रकडून, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासाकडून, तुमच्या ले-आऊटचा मंजूर नकाशा काढा. सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली जागा त्यात दाखवलेली असते. आज तिथं काय उभं आहे ते जाऊन बघा. पुष्कळ ले-आऊटमध्ये तिथं कुणाचं तरी पार्किंग, हॉल किंवा शेड असतं, आणि ते बांधणारे गरीब नसतात. आधी ती जागा मागा.

मावशींना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. निवेदन फिरतंय हे त्यांना सांगा. त्यांच्या घराचा प्रश्न आहे, तो त्यांना कळायला हवा. मी सही केली नाही, हे मात्र ऐकवू नका, त्याचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. त्यांच्या वस्तीतलं कोण बोलायला पुढे येईल हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. आणि मुलीच्या फीचा उल्लेख कुठल्याच वादात परत होणार नाही, एवढं घरात सांगून ठेवा. फी भरली म्हणून छपरावर हक्क मिळत नाही.

भासरे ऐकले नाहीत तर? शक्यता तीच जास्त आहे, मोठ्या घरांत सुनेचं ऐकून रविवारचे बेत बदलत नाहीत. मग तुम्ही स्वतंत्र पत्र लिहा. एक पान पुरे. मी या स्कीमची रहिवासी आहे, या निवेदनाशी सहमत नाही, पूररेषेबाहेरच्या घरांना पट्टे मिळावेत, पूररेषेतल्या घरांचं जवळच पुनर्वसन व्हावं, आणि याची सुनावणी वस्तीच्या लोकांसमोर व्हावी. खाली पूर्ण नाव, फ्लॅट नंबर आणि सही. ते घेऊन महापालिकेत किंवा नासुप्रत, जागा ज्यांची असेल तिथं, आवक विभागात स्वतः जा. कुरियरनं पाठवू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, आणि तिची एक झेरॉक्स त्या संध्याकाळी भासऱ्यांच्या हातात तुम्हीच द्या. बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं.